पलटणीतले हेडमास्तर : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

सुभेदार रामजी सकपाळ यांचे नाव आपण बहुधा एका वाक्यात उरकतो. बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार, कबीरपंथी, शिस्तीचे. जयंतीच्या भाषणांतून आणि शालेय निबंधांतून हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की त्यामागचा माणूस दिसेनासा झाला आहे. हा माणूस सैनिक होता आणि शिक्षकही होता. शिक्षक झाला तो सैन्यात असतानाच, आणि त्यासाठीचे शिक्षण त्याने आपल्या पुणे शहरात घेतले. शाळा संपल्यावर मुलाने सैन्यात जावे की नाही, हा प्रश्न आज आपल्या निवासी शाळेतील कितीतरी पालकांपुढे दर उन्हाळ्यात उभा राहतो. रामजींच्या घराण्यात तो तीन पिढ्यांत तीन वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला होता. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र सविस्तर मांडावे असे वाटले.

सकपाळांचे मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले हे डोंगराळ, लहानसे गाव. जमीन थोडी आणि तीही पावसावरची. महारकीची कामे मात्र गावाला बारमाही हवी असत. सरकारी निरोप पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, वेशीवर पहारा देणे आणि त्याच्या बदल्यात दारोदार भाकरी गोळा करणे, हे त्या कामांचे स्वरूप होते. रामजींचे वडील मालोजी यांनी हा गावगाडा सोडला आणि ते कंपनी सरकारच्या फौजेत दाखल झाले. मुंबई इलाख्याच्या फौजेत त्या काळी महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. 1 जानेवारी 1818 रोजी भीमेच्या काठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या विजयस्तंभावर कोरलेल्या नावांपैकी 22 नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांनी तिथे उभे राहून वाचलेले आहे.

मालोजींनी सैन्यात जाण्याचा निर्णय कसा घेतला असेल? आज आपण निर्णय म्हणतो तेव्हा दोन-तीन वाटा समोर असतात, त्यातली एक निवडायची असते. मालोजींपुढे दोनच होत्या, गावकी किंवा पलटण. पलटणीत ठरलेला पगार रोख मिळत होता, अंगावर धडके कपडे येत होते, आणि हुकूम सोडणारा साहेब असला तरी तो भाकरीसाठी दारात उभे करीत नव्हता. परकीय सत्तेची बंदूक खांद्यावर घेतली म्हणून त्या पिढीला दोष देणारे लेख मधूनमधून वाचायला मिळतात. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला एवढेच म्हणावेसे वाटते की, ज्यांना स्वकीय राज्यात रस्त्यावर थुंकण्याचीही मोकळीक नव्हती, त्यांच्याकडून राष्ट्रनिष्ठेचा हिशेब मागण्यापूर्वी राष्ट्राने त्यांना काय दिले होते तेही त्याच वहीत मांडले पाहिजे.

मालोजींच्या मुलांपैकी रामजी आणि त्यांची बहीण मीराबाई ही दोघे पुढे जगली. रामजींचे बालपण सैनिकी वातावरणात गेले आणि तिथे त्यांना अक्षर भेटले. कंपनीच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याची सक्तीची व्यवस्था होती. मुलांसाठी दिवसाची शाळा, मुलींसाठीही दिवसाची शाळा आणि प्रौढ शिपायांसाठी रात्रीची. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात या व्यवस्थेची आवर्जून नोंद केली आहे. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावरही महाराच्या पोराला चढू देत नसत, त्या काळात छावणीच्या कुंपणाच्या आत महार मुली पाटीवर अक्षरे गिरवीत होत्या. पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी 1848 पासून मुलींसाठी आणि पुढे महार-मांगांसाठी शाळा काढल्या, त्यासाठी शेणमार सोसला. छावणीतील शाळांना तो विरोध झाला नाही, कारण तिथे सरकारी हुकूम होता आणि गावाचा हात तिथवर पोचत नव्हता.

1857 च्या उठावानंतरच्या काळात रामजी स्वतः सैन्यात भरती झाले. ज्या मुलाने शाळा पाहिली आहे आणि ज्याचा बाप सैन्यात आहे त्याने सैन्यात जाणे त्या काळी ओघाचेच होते. मात्र पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. शिपायाचे काम करता करता त्यांनी अभ्यास चालू ठेवला, मराठीवर प्रभुत्व मिळविले, इंग्रजी चांगले आत्मसात केले, गणितात गती मिळविली, आणि पुण्यातील शिक्षकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये जाऊन अध्यापनाची पदविका घेतली. त्या शाळेला लोक पंतोजी शाळा म्हणत. पंतोजी म्हणजे ब्राह्मण मास्तर, ही त्या शब्दाची तेव्हाची रूढ छाया. त्या नावाच्या शाळेतून महार जातीचा एक सैनिक शिक्षक होऊन बाहेर पडला, ही घटना पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी होती. ती फारशी कुठे आढळत नाही.

पुण्याने रामजींना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे जोतीरावांचा विचार. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात झाली. रामजी जोतीरावांचे चाहते होते आणि स्नेहीही होते, असे चरित्रकार नोंदवितात. त्यांच्या धार्मिक ओढीला कबीरपंथाने वळण दिले. मद्यमांस वर्ज्य, पहाटे उठून भजन, संध्याकाळी मुलांना बसवून संतांची पदे आणि पुराणकथांचे वाचन, असा त्यांच्या घरचा क्रम होता. जातिभेद न मानणारा संत म्हणून कबीर त्यांना जवळचा वाटला. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. त्यांपैकी कबीर आणि फुले हे दोघे घरात वडिलांच्या मुखातूनच आले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रामजींचा विवाह भीमाबाईंशी झाला. भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकरांच्या कन्या. हेही घराणे सैनिकी. त्यांचे वडील आणि चुलते लष्करात अधिकारपदावर पोचलेले होते आणि मुरबाडकरांची परिस्थिती सकपाळांपेक्षा बरीच सुखवस्तू होती. संसारात चौदा अपत्ये झाली, जगली ती पाच. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि शेवटचे भीमराव. चौदांतली पाच, हा आकडा आपण पटकन वाचून पुढे जातो, पण भीमाबाईंच्या बाजूने तो एकदा सावकाश वाचावा.

लष्करी शाळेत रामजींनी चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. हुद्दा सुभेदार-मेजरपर्यंत चढला. देशी माणसाला त्या फौजेत याच्या वर जाता येत नव्हते. नुकताच विलायतेहून आलेला कोवळा गोरा अधिकारीसुद्धा सुभेदार-मेजरच्या वरचा मानला जाई, आणि हा फरक पुसणारी सनद हिंदी माणसांना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मिळाली नाही. या मर्यादेच्या आत राहून रामजींनी जे साधले ते मोठे होते. मध्य हिंदुस्थानातील महू येथील छावणीत ते शाळा चालवीत असताना 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावांचा जन्म झाला. त्याच्या काही महिने आधी, 28 नोव्हेंबर 1890 रोजी, पुण्यात जोतीरावांचे निधन झाले होते.

भीमराव वर्षाचेही झाले नसतील-असतील, त्याच सुमारास सरकारचा तो हुकूम आला. 1892 मध्ये महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. कारण असे दिले जाई की हिंदुस्थानात काही जाती जन्मतःच लढवय्या आणि इतर तशा नाहीत. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत या मताने जोर धरला, पंजाब आणि नेपाळकडील भरती वाढली, आणि दक्षिणेतील जुन्या पलटणींतील माणसे नालायक ठरविली गेली. वरिष्ठ जातींचे शिपाई महार सुभेदाराच्या हाताखाली राहण्यास नाखूष असतात, ही सबबही होतीच. म्हणजे ज्या जातिव्यवस्थेच्या बाहेर काही काळ उभे राहता आले होते, ती व्यवस्था छावणीच्या फाटकातून आत आली आणि सरकारने तिला सलाम ठोकला. कोरेगावचा स्तंभ जागच्या जागी उभा होता.

या हुकुमाचा अर्थ आपण नोकरीच्या चार जागा गेल्या एवढाच लावता कामा नये. भरती बंद म्हणजे पगार बंद, निवृत्तिवेतन बंद आणि सर्वांत वाईट म्हणजे पुढच्या पिढीची शाळा बंद. छावणीतील शाळेचा पट शिपायांच्या मुलांनी भरत होता. शिपाईच नसले तर मुले कुठली? हेडमास्तर असलेल्या रामजींना हे इतरांपेक्षा लवकर कळले असणार.

त्यांनी धडपड केली. महार अधिकारी व शिपाई यांच्या वतीने हिंदुस्थान सरकारकडे निषेधाचा अर्ज करण्याचे ठरले आणि त्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत मिळविली. अर्जाचा मसुदा रानड्यांनी करून दिला. सैन्यातील लोकांनी सरकारी हुकुमाविरुद्ध अर्ज करणे ही त्या काळी जोखमीची गोष्ट होती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला त्याची धास्ती अधिक. रामजींच्या बरोबरीने दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर याच प्रश्नावर झगडत होते. तेही निवृत्त सैनिक, 1886 साली सेवेतून बाहेर पडलेले, 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिणारे आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन करणारे. 1894 च्या सुमारास त्यांनीही असाच एक विनंतीअर्ज तयार केला. पुण्यात ही मागणी शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे नेली. 1910 च्या एप्रिल महिन्यात जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरवून त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडले. छावणी भागात साध्या नोकरीवर असलेला हा माणूस ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवीत होता. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, म्हणून इथे थांबतो.

अर्जाचा उपयोग झाला नाही. 1894 च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. निवृत्तिवेतन दरमहा 50 रुपये होते. त्या काळच्या मानाने ही रक्कम हलकी नव्हती, पण कुटुंब मोठे होते. कुटुंब प्रथम कोकणात दापोलीच्या छावणीवस्तीत राहिले. निवृत्त महार सैनिकांची तिथे मोठी वस्ती होती. पुढे रामजींना साताऱ्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात काम मिळाले आणि कुटुंब साताऱ्यास आले. तिथे 1896 मध्ये भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव पाच वर्षांचे होते. पाठीत कुबड असलेल्या मीराआत्यांनी त्या पोरक्या मुलांना आईची माया दिली.

साताऱ्याच्या दिवसांतून एक गोष्ट उघडी पडते. छावणीबाहेर सुभेदारकीला किंमत नव्हती. सुभेदारांच्या मुलांचे केस कापायला साताऱ्यात न्हावी मिळत नसे. थोरली बहीण ओट्यावर बसवून भावांचे केस कापी. शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांसाठी चाललेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. 1901 च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून मोठ्या हौसेने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते, कारण ते येत असल्याचे पत्र रामजींपर्यंत पोचलेच नव्हते. चांगल्या घरची मुले म्हणून विचारपूस करणारा स्टेशनमास्तर जात कळताच मागे सरला. बैलगाडीवाले बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. गाडीवान बाजूने चालत राहिला. रात्रभर पाणी मिळाले नाही. बरोबर डबाभर अन्न होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. सरकारी तलावाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या बापाकडे होत्या ती मुले घोटभर पाण्यासाठी तळमळत होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

आज सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलाशी बोलताना रामजींच्या आयुष्यातील हा भाग मी मुद्दाम सांगतो. गणवेशाने मालोजींच्या कुटुंबाला गावकीतून सोडविले हे खरे, आणि मसूरच्या रस्त्यावर तो गणवेश नातवांच्या उपयोगी पडला नाही हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू समोर ठेवून निर्णय घ्यावा. एकच बाजू सांगणारे पुष्कळ भेटतात.

1904 च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईस गेले. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या शाळेच्या नोंदवहीत भीमरावांचे नाव चढले होते, तिथून हायस्कूलच्या पुढील शिक्षणासाठी हे स्थलांतर होते. परळच्या डबक चाळीत एक खोली मिळाली. त्याच खोलीत चूल, जळण, धूर, भांडीकुंडी आणि सगळ्यांचे झोपणे. रामजींनी दुसरे लग्न केले होते, ते लहानग्या भीमरावांना रुचले नव्हते, आणि घरात त्यावरून ताण होता. चरित्र लिहिताना हे वगळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही.

बाळाराम आणि आनंदराव यांचे इथे काय झाले ते पाहिले पाहिजे. आजोबा हवालदार, वडील सुभेदार-मेजर, आईकडचे सगळे सैनिक. दहा-वीस वर्षे आधी जन्मले असते तर दोघेही सहज पलटणीत गेले असते. त्यांच्या वाट्याला तो विचार करण्याची वेळच आली नाही, कारण दार बंद होते. आनंदरावांनी शाळा सोडली आणि ते नोकरीला लागले. त्यांच्या मजुरीवर आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनावर धाकट्या भावाचे शिक्षण चालले. सैन्यात जावे की न जावे, असा प्रश्न पडणे हाही एक अधिकार आहे, आणि तो आपल्या समाजाकडून जवळजवळ पन्नास वर्षे काढून घेतलेला होता. मध्ये पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडण्यात आली. गरज सरल्यावर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

डबक चाळीतले रामजी हे खरे रामजी, असे मला वाटते. साठीकडे झुकलेले हेडमास्तर, आता शाळा नाही, वर्ग नाही, एकच विद्यार्थी. भीमरावांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करावीत, तर्खडकरांच्या पाठमालेतील भाषांतरे सोडवावीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, इंग्रजी वाक्याची चाल मराठीत कशी उतरते, हे ते स्वतः बसून शिकवीत. खोलीत एकाच वेळी सगळ्यांना हातपाय पसरणे शक्य नव्हते, म्हणून मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे आणि वडिलांनी जागत बसावे असे ठरले. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पहाटेपर्यंत कंदिलाच्या उजेडात अभ्यास चाले.

भीमरावांना पुस्तकांचा नाद होता आणि तो निवृत्तिवेतनात बसणारा नव्हता. मुलाने नव्या पुस्तकाचे नाव काढले की रामजी निमूटपणे उठत आणि लग्न झालेल्या मुलीच्या घरी जाऊन दोन-तीन रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे जात. तिच्याकडेही रोख नसली तर एखादा दागिना मागून घेत, ओळखीच्या सावकाराकडे गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत देत. लेकीच्या अंगावरचा दागिना काढून मुलाच्या हातात पुस्तक ठेवणारा हा बाप एका पलटणीचा सुभेदार-मेजर होता. त्या मुलींचे, मंजुळा आणि तुळसा यांचे ऋणही या हिशेबात धरावे.

इथे आजच्या पालकांसाठी थोडे विषयांतर करतो. 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत, मूळ घोषणेनुसार, साडेसतरा ते एकवीस वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी घेण्याचे ठरले होते. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होऊ शकतात. उरलेल्यांना सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. रामजींच्या घरातील पुढील सारे शिक्षण त्या महिन्याच्या 50 रुपयांवर उभे राहिले. एका पिढीच्या निवृत्तिवेतनातून दुसऱ्या पिढीचे शिक्षण, हे आपल्या समाजातील सैनिकी कुटुंबांचे जुने गणित आहे आणि आता ते नव्याने मांडावे लागणार आहे. चार वर्षांनंतर बावीस-तेविसाव्या वर्षी मुलाच्या हातात कोणती पदवी असेल, हे भरतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुसरीकडे, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा रस्ता बारावीनंतर थेट अधिकारपदाकडे जातो आणि 2022 पासून तो मुलींनाही खुला झाला आहे. त्या परीक्षेचे नाव आपल्या मुलांना कितीदा आठवी-नववीत कळते? छावणीच्या शाळेत मुलींना शिकविणाऱ्या फौजेला त्यांना अधिकारी म्हणून घडविण्याचे दार उघडायला इतका काळ लागला, हेही जाता जाता नोंदवितो.

1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. पुढील शिक्षणाचा खर्च रामजींच्या आवाक्याबाहेर होता. केळूसकरांच्या खटपटीने श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कुटुंब परळलाच इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आले आणि त्यांतली एक खोली अभ्यासाला मिळाली. भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले.

आता घराण्यातील तिसरा निर्णय. जानेवारी 1913 मध्ये भीमरावांनी बडोदा संस्थानची नोकरी पत्करली. तिथे त्यांची नेमणूक संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून झाली. ज्या सैन्याचे दार सरकारने बंद केले होते, त्याच प्रकारच्या सेवेत हवालदार मालोजींचा नातू अधिकारी म्हणून जात होता. कुणाही जुन्या सैनिकाला धन्यता वाटावी असा हा क्षण. रामजींना तो तसा वाटला नाही. मुलाने बडोद्यास जाऊ नये असे त्यांचे स्पष्ट मत होते. बडोद्यात आपल्या मुलाला जातीवरून काय सोसावे लागेल, याचा अंदाज त्यांना होता. भीमरावांनी ऐकले नाही. महाराजांच्या शिष्यवृत्तीचे ऋण त्यांच्या मनावर होते आणि घरच्या खर्चाला हातभार लावण्याची वेळही आली होती. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. जन्मभर सैन्याचे अन्न खाल्लेला बाप मुलाला सैन्याच्या नोकरीपासून परावृत्त करतो तेव्हा त्यामागे सैन्याबद्दल कटुता असते असे नव्हे. मुलाच्या हाती आता पदवी होती, आणि तिच्या बळावर तो कुठवर जाऊ शकेल याची कल्पना रात्री दोन वाजता त्याला उठविणाऱ्या माणसाइतकी दुसऱ्या कुणालाही नव्हती.

बडोद्यास जाऊन थोडेच दिवस झाले होते तोच वडील गंभीर आजारी असल्याची तार आली. भीमराव तातडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून ते उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. पुढच्या गाडीने मुंबईस पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर मुलाला शोधत होती. जवळ बसलेल्या मुलाच्या पाठीवरून त्यांनी क्षीण हात फिरविला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाच्या दिवसांत या दिवसाची गणना चरित्रकारांनी केली आहे.

भीमराव लेफ्टनंट म्हणून बडोद्यास परतले नाहीत. त्याच वर्षी जुलै महिन्यात, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 मध्ये त्यांना बडोद्यात पुन्हा रुजू व्हावे लागले, तेही महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. त्या वेळी राहायला घर मिळाले नाही, कचेरीतील शिपाई कागद लांबूनच टाकीत, आणि पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. वडिलांना जी भीती वाटत होती ती चार वर्षांनी शब्दशः खरी ठरली.

सैन्याच्या प्रश्नाकडे बाबासाहेबांनी मात्र पाठ फिरविली नाही. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात, गोखले स्मारक सभागृहात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचे व्याख्यान झाले. रानड्यांशी आपला काय संबंध, हे सांगताना त्यांनी वडिलांच्या जुन्या कागदपत्रांच्या एका गाठोड्याचा उल्लेख केला. त्या गाठोड्यात त्यांना 1892 च्या बंदीविरुद्धचा तो अर्ज सापडला होता, आणि चौकशी केल्यावर त्याचा मसुदा रानड्यांनी केल्याचे त्यांना कळले होते. म्हणजे फेटाळल्या गेलेल्या एका अर्जाची प्रत रामजींनी मरेपर्यंत, वीस वर्षे, जपून ठेवली होती. दापोली, सातारा, डबक चाळ, मग ट्रस्टची चाळ, अशी चार बिऱ्हाडे झाली. माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती त्या खोलीतही ते कागद ठेवायला त्यांनी कुठेतरी जागा केली होती.